हिशेबात न बसलेले बेट

पॅसिफिक महासागरात बोरागोरा नावाचे बेट नाही. कोणत्याही नकाशात ते शोधून सापडणार नाही. तरीही सप्टेंबर १९८२ पासून १९८३ च्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेतील 'एबीसी' या दूरचित्रवाणी जाळ्यावर ते नियमाने अवतरत असे, आणि ज्यांनी ते त्या वेळी पाहिले त्यांच्यापैकी अनेकांच्या मनातून ते आजही मावळलेले नाही. 'टेल्स ऑफ द गोल्ड मंकी' ही ती मालिका. तिला आयुष्य लाभले ते जेमतेम एका हंगामाचे. इतक्या अल्पायुषी कलाकृतीविषयी इतका दीर्घायुषी जिव्हाळा का टिकावा, हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे.

मालिकेतील काळ १९३८ चा. महायुद्धाचे ढग जमू लागलेले. फ्रेंच अमलाखालील या बेटावर 'मंकी बार' नावाचे मद्यगृह आणि त्याचा मालक लुई हाच तेथील न्यायाधीश! रॉडी मॅक्डॉवल या कसलेल्या नटाने ही भूमिका रंगविली. जेक कटर हा वैमानिक पाण्यावरही उतरू शकणारे आपले 'ग्रमन गूस' विमान घेऊन माल आणि माणसे वाहतो. त्याचा मद्यपी, विसराळू मेकॅनिक कॉर्की ते कसेबसे उडते ठेवतो. बारमधील गायिका वस्तुतः अमेरिकेची हेर, तर धर्मोपदेशकाच्या वेषात वावरणारा विली जर्मनीचा. या सर्वांवर कडी करणारा जॅक हा एकाक्ष कुत्रा. त्याचा रत्नजडित कृत्रिम डोळा धन्याने पत्त्यांच्या जुगारात घालविलेला, आणि त्याबद्दल त्याने धन्याला कधीच क्षमा केलेली नाही. नायक पूर्वी 'फ्लाइंग टायगर्स' दलात होता असे मालिका सांगते. प्रत्यक्षात ते दल उभे राहिले १९४१ मध्ये. इतिहासाच्या परीक्षकाने तांबड्या शाईने खूण करावी अशी ही चूक. पण प्रेमाने पाहणाऱ्यास ती कधी खटकली नाही.

१९८१ मध्ये गाजलेल्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटाची ही नक्कल, असा आरोप तेव्हा झाला. तो पुरता न्याय्य नव्हता. निर्माते डोनाल्ड बेलिसारिओ यांच्यावरील ऋण अधिक जुने, म्हणजे टपाल वाहणाऱ्या वैमानिकांवरील हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३९ च्या चित्रपटाचे होते. मालिका बंद पडली ती या आरोपामुळे नव्हे. जुन्या काळाचे नेपथ्य, वेषभूषा आणि विमान यांचा खर्च मोठा, आणि प्रेक्षकसंख्या मात्र मध्यम. हे गणित जुळले नाही.

हे गणित नीट पाहण्याजोगे आहे. जाहिरातींवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीत प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसतोच. तो विक्रीचा माल असतो. गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. पीटर स्टायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच रेडिओच्या संदर्भात याचे विवेचन केले होते. त्या तर्कानुसार, समजा, शंभर श्रोत्यांपैकी ऐंशीजणांना एक प्रकार आवडतो आणि वीसजणांना दुसरा. तीन केंद्रे स्पर्धेत असतील तर तिघेही पहिलाच प्रकार सादर करतील. कारण ऐंशीचा तिसरा हिस्सादेखील विसाहून अधिक भरतो. स्पर्धा आहे, पण विविधता नाही, असा हा विरोधाभास. १९८२ च्या अमेरिकेत प्रमुख जाळी तीनच होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याहून गंभीर दोष मोजमापाचा आहे. मालिकेतील जॅक एकदा भुंकून 'नाही' आणि दोनदा भुंकून 'होय' म्हणतो. प्रेक्षकमापनाची भाषा याहून समृद्ध नाही. संच चालू की बंद, एवढेच तिला कळते. कंटाळून पाहणारा आणि आठवडाभर वाट पाहून पाहणारा, दोघांचेही मोल तिच्या लेखी एकच.

यावर कोणी म्हणेल की, निर्मिती हा धर्मादाय व्यवसाय नव्हे. ज्यांना ही मालिका इतकी प्रिय होती त्यांनी तिच्यासाठी पैसे कोठे मोजले? आक्षेप रास्त आहे; पण पैसे मोजण्याची सोयच त्यांना उपलब्ध नव्हती. २०१० मध्ये मालिकेच्या डीव्हीडी बाजारात आल्या, तेव्हा, म्हणजे तब्बल सत्तावीस वर्षांनंतर, त्यांना ती मिळाली. मागणी होती, बाजाराला तिचा आवाज ऐकण्यासाठी कान नव्हते.

आता वर्गणी भरून मालिका पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यामुळे हा दोष दूर झाला असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. वर्गणी सरसकट संपूर्ण भांडारासाठी असते. एखाद्या कृतीवरील उत्कट प्रेम त्या एकाच आकड्यात विरघळून जाते. पहिल्याच हंगामानंतर मालिका गुंडाळण्याचे प्रकार म्हणूनच थांबलेले नाहीत.

मग प्रत्येक आवडती मालिका अखंड चालवावी काय? मुळीच नाही. बोरागोरा कदाचित म्हणूनच ताजे राहिले की, ते शिळे होण्यास वेळच मिळाला नाही. परंतु कालांतराने गोड झालेल्या स्मृतीचे श्रेय कुऱ्हाड चालविणाऱ्यास देता येणार नाही. मागणी एवढीच रास्त ठरेल की, कथेची लांबी आधी ठरावी आणि तिला शेवट मिळावा. भारतात ऐंशीच्या दशकातील दूरदर्शनच्या तेरा भागांच्या चौकटीविषयी पुष्कळ कुरकुर झाली. पण कथेला तिचा शेवट गाठू देण्याचा गुण त्या चौकटीत होता. बोरागोराच्या वाट्याला तेवढेही आले नाही. युद्ध दाराशी आले असताना, सारी पात्रे बारमध्ये बसलेली असतानाच दिवा मालवला गेला. ज्या हिशेबाला प्रेक्षकांची डोकी मोजता येतात, पण त्यांची ओढ मोजता येत नाही, तो हिशेब कितीही अचूक असला तरी अपुराच म्हणावा लागेल.