काट्यावर पोतं चढवा, माणूस नको



सोयाबीनची आवक वाढली की गोदामाबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते, आत थप्पी उंच जाते. मग वरचे कट्टे लावायला एखादा हमाल फोर्कलिफ्टच्या काट्यांवरच्या पॅलेटवर उभा राहतो आणि चालक त्याला वर उचलतो. "दोन मिनिटांचं तर काम," असं सगळेच म्हणतात.

*आमचं मत स्पष्ट आहे : हे बंद झालंच पाहिजे.*

पॅलेट काट्यांवर नुसतं टेकलेलं असतं, बांधलेलं नसतं. माणूस कडेला सरकला की ते कलंडू शकतं. धरायला कठडा नाही, खाली कोबा. दहा फुटांवरून पडलं तरी जिवावर बेतू शकतं. ते यंत्र माल उचलायला आहे, माणूस नाही.

हा फक्त कामगारांचा प्रश्न नाही. भागधारक म्हणून कंपनीचे मालक आपणच. आणि "आटपा लवकर" ही घाई बऱ्याचदा रांगेतून, म्हणजे आपल्याकडूनच येते. हमालाची मजुरी पोत्यावर असते, त्याला थांबणं परवडत नाही. म्हणून नाही म्हणायचं ते आपणच म्हणायला हवं.

👉 थप्पी हात पोचेल तेवढीच लावा.
👉 कठड्याची, चाकं अडवता येणारी शिडी घेण्याचा खर्च येत्या सभेत मंजूर करा.
👉 काट्यावर कोणी उभं दिसलं तर चालकाला तिथंच थांबवा.

रांगेत तासभर जास्त गेला तर जाऊ द्या. वाळलेलं सोयाबीन तासाभरात नासत नाही. पडलेला माणूस मात्र पुन्हा उभा राहीलच, याची खात्री कोण देणार?