सुखी माणसाचा फीड

पवईत हिरानंदानीच्या रोमन खांबांखाली चहाला उभं राहिलं की कोणीतरी हटकून हक्सली काढतोच. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) मधली माणसं सोमाची गोळी खाऊन मजेत आहेत ना, मग डिस्टोपिया कसला? आणि लगेच पुढचं वाक्य: आपले युजर्सही खुश आहेत, उगाच गिल्ट कशाला!

मला हे साफ अमान्य आहे. समाधानी माणूस ताटावरून उठताना 'पुरे' म्हणतो. आणि आपण डॅशबोर्डवर काय मोजतो? सेशन किती लांबलं, माणूस उद्या परत आला का. म्हणजे त्याने 'पुरे' म्हटलं की आपला आकडा पडतो! जी गोष्ट घडू नये म्हणून दिवसरात्र खपायचं, तिचंच श्रेय घ्यायचं? कमाल आहे.

यापेक्षा मटका बरा म्हणायची वेळ आलीये. (जुगाराची तारीफ नाही करत, गिरणगावातली कैक घरं त्यात बसली.) आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडा लागायचा. ते बंद पडल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटका मुंबईभर पसरवला. सिंगल आकड्याला एकास नऊ. दहात एकदाच लागणार हे गिरणी कामगारालाही कळत होतं. शिवाय रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. बाराला संपलं! बुकीकडे तुमच्या झोपेचा डेटा नव्हता, आणि माणूस बघून वेगळा आकडा काढायची सोयही नव्हती.

"ॲप डिलीट करायला कोणी अडवलंय?" असं विचारणारेही भेटतात. अहो, हक्सलीच्या राज्यातसुद्धा न पटणाऱ्याला बेटावर पाठवतात. इथे सोसायटीची नोटीस आणि पोराचा गृहपाठ त्याच फोनवर येतो. बेट कुठलं?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. वेळ लावून खेळायच्या खेळाला तो लागू नाही. २००६ साली इन्फिनिट स्क्रोल बनवणाऱ्या अझा रास्किनने पुढे स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. आपण मात्र अजून तोच कॉपी-पेस्ट करतोय.

बरं, फीडला तळ घालता येत नाही असंही नाही. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये, दोन दिवसांच्या पोस्ट बघून झाल्या की 'सगळं बघून झालं' अशी पाटी आणली होती. ऑगस्ट २०२० मध्ये त्या पाटीच्या खालीच सुचवलेल्या पोस्ट सुरू केल्या.