पत्रकात सगळं गाव आहे, फक्त आमची गल्ली नाही

सोमवार उजाडला की मोबाईलवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, नातेवाइकांच्या ग्रुपवर महादेवाचा फोटो. दुसरी, आपल्या नगरपरिषदेचं 'या आठवड्यातील कामगिरी' हे रंगीत पत्रक. वर नगराध्यक्ष, शेजारी मुख्याधिकारी, खाली विभागवार चौकोन. पाणीपुरवठा, स्वच्छता, बांधकाम, विद्युत, कर. प्रत्येक चौकोनात एक आकडा, एक फोटो आणि एक घोषवाक्य.

आधीच कबूल करतो. पहिली दोन-तीन पत्रकं मी स्वतः शेअर केली होती, वर 'बघा, आपलं गाव सुधारतंय' असं लिहून. तेव्हा ही पोस्ट थोडी त्या पापाची भरपाई आहे असं समजा.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो.

आमच्या गल्लीत चौथ्या दिवशी पाणी येतं, हे तुम्हाला माहीतच आहे. एका पाळीला गढूळ आलं. म्हटलं, पहिलं पाणी आहे, सोडून देऊ. पुढच्या पाळीला वास आला, गटारीचा. कार्यालयात फोन केला. 'नोंद घेतली' म्हणाले. तिसऱ्या पाळीलाही तेच. पुन्हा फोन, पुन्हा नोंद. आम्ही उकळून पीत होतो, पण आई सकाळी लवकर उठते, माठातलं घेते, तिला कोण सांगणार. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि रात्री अकराला रिक्षाने दवाखान्यात न्यावं लागलं. तीन रात्री सलाईन. वय बहात्तर. डॉक्टर म्हणाले, 'तुमच्याच बाजूचे अजून दोन पेशंट आहेत.'

दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि मोबाईल वाजला. सोमवार होता. पत्रक आलं होतं.

'पाणीपुरवठा विभाग : गळती दुरुस्ती १४. शुद्ध पाणी, निरोगी नागरिक.'

माझं डोकं फिरलं. वाटलं, धडधडीत खोटं. आई घरी आल्यावर मी दोन दिवस हेच शोधत फिरलो. कुठल्या चौदा गळत्या? कुठे? आणि मित्रांनो, इथेच माझी गोची झाली. आकडा खोटा नव्हता. चौदा जागी खरोखर दुरुस्ती झाली होती. मी त्यातल्या सात-आठ जागा बघून आलो, नवीन माती दिसते.

आमची गळती पंधरावी होती. पंधरावी आहे, हे सांगायला त्या चौकोनात जागाच नव्हती.

माझं भांडण नेमकं इथे आहे. ही पत्रकं खोटी नाहीत, अर्धी आहेत. काय केलं ते सांगतात, काय राहिलं ते सांगत नाहीत. चौदा दुरुस्त केल्या, पण तक्रारी किती आल्या होत्या? पंधरा की पन्नास? सर्वांत जुनी तक्रार किती दिवसांची? पोरगं घरी येऊन म्हणालं, 'बाबा, मला चौदा मार्क पडले', तर आपण पहिलं काय विचारतो? कितीपैकी! मग नगरपरिषदेला हाच प्रश्न विचारायला आपली जीभ का अडखळते?

पाण्यावर जरा थांबतो, कारण इथे खेळ जिवाशी आहे.

चार दिवसांनी पाणी येतं म्हणजे मधले तीन दिवस पाइप रिकामा असतो. भरलेल्या पाइपमधून दाबाने पाणी बाहेर गळतं, वाया जातं, पण आत काही शिरत नाही. रिकाम्या पाइपमध्ये उलटं होतं. दाब नसतो, आणि फुटलेल्या जागेतून आजूबाजूचं आत ओढलं जातं. आपल्याकडे घरगुती नळजोडण्या कुठून जातात? गटारीतून, नाहीतर गटारीला चिकटून. वर आपण शहाणे लोक पाणी सुटलं की नळाला मोटर लावतो. मोटर फक्त टाकीतलं पाणी ओढत नाही, शेजारच्या गटारीतलंही ओढते. आमच्या गल्लीत चार घरांना मोटर आहे. एक माझ्या घराला होती. काढली.

म्हणजे 'गळती' हा पाण्याच्या नासाडीपुरता विषय नाही. ज्या गावात रोज पाणी येत नाही, तिथे प्रत्येक गळती हे गटारीचं दार आहे. ते दार किती दिवस उघडं राहिलं, हा खरा आकडा. तो पत्रकात नाही.

दुसरा आकडा क्लोरीनचा. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन टाकतात, त्याबद्दल शंका नाही. पण भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. टाकीवर नव्हे, टोकाला. आमच्यासारख्या शेवटच्या गल्लीत. ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. ओटी टेस्टची छोटी बाटली येते, नळाच्या पाण्यात चार-पाच थेंब टाकले की पिवळा रंग येतो. नाही आला तर क्लोरीन नाही. दोन मिनिटांचं काम. हे पाणी विभागातला प्रत्येक माणूस जाणतो. मग आठवड्याला दहा टोकाच्या नळांचे निकाल गल्लीच्या नावासकट पत्रकात टाकायला काय हरकत आहे? तिथे सध्या साहेब टाकीकडे बोट दाखवून उभे आहेत असा फोटो असतो.

आईला त्या पाण्यानेच झालं, हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही. का नाही? कारण त्या दिवशी आमच्या नळाचं पाणी कुणी तपासलंच नाही. न तपासलेलं पाणी कागदावर नेहमी शुद्धच असतं.

आणि हे फक्त आपल्या गावाचं रडगाणं नाही. इंदूर बघा. स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे देशात पहिलं. त्याच इंदुरात २०२५ च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसं दगावली. लोक आधीपासून पाण्याची तक्रार करत होते. पुरस्कारांच्या यादीत त्या तक्रारींचा रकाना नव्हता. पहिल्या नंबरच्या शहरात हे होतं, तर आपण कुठल्या झाडाचा पाला?

बाकी विभागांचं भराभर सांगतो, रोग एकच आहे.

स्वच्छता : 'इतका टन कचरा उचलला.' ठेका टनावर असेल तर जड कचरा ठेकेदाराला परवडतो, मग त्यात माती असो की बांधकामाचा राडारोडा. २०१६ च्या नियमांपासून ओला-सुका वेगळा करा असं आम्हाला सांगितलं जातंय. आमच्या घरी दोन डबे आहेत. घंटागाडीत मात्र दोन्ही एकाच ढिगात. किती कचरा वेगळा राहून डेपोपर्यंत पोचला, तो आकडा द्या.

विद्युत : 'दिवे दुरुस्त केले.' छान. बंद किती आहेत आणि किती दिवसांपासून? शाळेमागच्या रस्त्यावरचा दिवा बंद असणं आणि नेत्यांच्या बंगल्यासमोरचा बंद असणं, दोन्ही एकच आकडा का?

बांधकाम : खड्डा बुजवतानाचा फोटो असतो. त्याच खड्ड्याचा एका पावसानंतरचा फोटो टाका. एवढंच.

कर : इथे मात्र सगळे आकडे अचूक! वसुली किती, थकबाकीदार किती, नळ किती तोडले. मी कर भरायला उशीर केला तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. माझ्या उशिराचा हिशेब त्यांच्याकडे दिवसागणिक आहे. त्यांच्या उशिराचा हिशेब मी मागितला की 'नोंद घेतली'. बघा म्हणजे, हिशेब ठेवता येत नाही असं नाही. ज्याचा ठेवायचा त्याचा चोख ठेवतात.

आता काही जण म्हणतील, आणि म्हणालेतच, 'अहो, निदान काहीतरी सांगतात तरी! आधी तेही नव्हतं.' बरोबर आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांसारखी आपलीही अनेक वर्षं प्रशासकाच्या हाती होती, तेव्हा विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये एकदाची निवडणूक झाली. नवीन मंडळी आली, त्यांनी पत्रक सुरू केलं. त्याबद्दल आभार, मनापासून. पण 'काहीतरी सांगणं' ही मेहेरबानी नाही हो. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की कार्यालयाने माहिती स्वतःहून, ठरावीक काळाने, लोकांना कळेल अशी द्यायची, म्हणजे लोकांना अर्ज करत बसावं लागू नये. आणि अर्ज केला तरी उत्तराची मुदत ३० दिवस. गटारीचं पाणी तीस दिवस थांबतं का?

दुसरा मुद्दा : 'माणसं कमी आहेत, कर्मचाऱ्यांना झोडपू नका.' हे शंभर टक्के मान्य. आमच्या भागाचा व्हॉल्व्हमन ठेकेदाराकडचा आहे, पगार कधी वेळेवर नाही. पहाटे चारला सायकलवर येऊन व्हॉल्व्ह सोडतो. मी रागारागाने त्याला गाठलं, तर तो शांतपणे म्हणाला, 'दादा, मला पान्हा दिलाय, पाइप नाही दिला.' त्याने गळती आधीच वर कळवली होती. तीनदा. जागेवर फिटर एक आणि सामान संपलेलं. आता सांगा, पूर्ण आकडे छापले तर कुणाची बाजू उघडी पडेल? त्याची नाही. उलट 'तक्रारी इतक्या, फिटर एक' असं दर सोमवारी गावाने वाचलं तर पुढच्या बजेटमध्ये दुसरा फिटर मागायला त्याच्याच साहेबांना बळ मिळेल. अर्धा आकडा कामगाराला वाचवत नाही. तो फक्त खुर्चीला वाचवतो.

तिसरा मुद्दा मला फोनवर ऐकवला गेला : 'तुम्ही अमुक पक्षाचे.' बाबांनो, माझ्या नळाला पक्ष नाही. शेजारी कट्टर सत्ताधारी समर्थक आहेत, त्यांच्या नातवालाही त्याच आठवड्यात जुलाब झाले.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. जन्माच्या दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ठोस कारणाशिवाय ती चुकवली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि पाणी शुद्ध पुरवणं, रस्ते झाडणं, दिवे लावणं ही तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं म्हणून लिहिलेली कामं. म्हणजे कामगिरी म्हणून मिरवायची नव्हेत. रोज शाळेत जाणाऱ्या मास्तरने 'या आठवड्यात मी सहा दिवस शाळेत गेलो' असा फलक लावला तर आपण हसू. इथे लाइक करतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पत्रक बंद करू नका. त्यात पाच ओळी वाढवा :

१. प्रत्येक विभागाकडे आठवड्यात तक्रारी किती आल्या, किती मिटल्या, किती शिल्लक.
२. शिल्लकमधली सर्वांत जुनी तक्रार किती दिवसांची, आणि ती कुठली.
३. टोकाच्या दहा नळांची ओटी टेस्ट, गल्लीच्या नावासह. दर आठवड्याला वेगळ्या गल्ल्या.
४. पाणी ठरल्या दिवशी कुठे आलं नाही आणि का.
५. पुढच्या आठवड्यात काय करणार. म्हणजे त्याच्या पुढच्या सोमवारी आम्हाला ताडून बघता येईल.

यात एक रुपया जादा लागत नाही. तक्रारींचं रजिस्टर कार्यालयात आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. फोटो काढणारा माणूस आहे, डिझाइन करणारा आहे. फक्त रजिस्टरपासून पत्रकापर्यंत येताना मध्ये कुणीतरी गाळणी धरतं. ती बाजूला करा.

आणि आपलंही काही काम आहे. मोटर काढा. तक्रार फोनवर करून गप्प बसू नका, लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. क्रमांक नसलेली तक्रार झालीच नव्हती असं ते उद्या म्हणतील, आणि आपल्याकडे उत्तर नसेल. मी दोनदा फोन केला, एकदाही लेखी दिलं नाही. ती चूक माझी. खेड्यात ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येतं, आपण शहरवाले मात्र मत देऊन पाच वर्षं सोफ्यावर.

येत्या सोमवारी सकाळी अकराला मी या पाच ओळींचं निवेदन घेऊन नगरपरिषदेत जातोय. घोषणा नाहीत, झेंडा नाही, फुलांचा हारही नाही. येताना प्रत्येकाने आपल्या नळाचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून आणा, वर गल्लीचं नाव आणि तारीख लिहा. बाटल्या साहेबांच्या टेबलावर ओळीने ठेवू. स्वच्छ असतील तर त्यांचं जाहीर अभिनंदन मी करीन, याच ठिकाणी.

ज्यांना जमणार नाही त्यांनी खाली फक्त गल्ली आणि पाणी किती दिवसांनी येतं एवढं लिहा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर इथेच भांडा.

आमची गळती परवा दुरुस्त झाली. म्हणजे या सोमवारी पत्रकात तिचा आकडा येईल. कामगिरी म्हणून.