चाके चमकली, मळ गेला कुठे?

स्वच्छतेचा आपण एक सोयीस्कर अर्थ लावून घेतला आहे. आपल्या डोळ्यांसमोरून मळ हटला की झाले स्वच्छ! मग तो गटारात जावो, शेजाऱ्याच्या कुंपणात पडो की कुणाच्या तरी पोराच्या तळहातावर बसो. मोटारीची अलॉय चाके धुणे हा तसा क्षुल्लक विषय. पवारांच्या धार-देवासला जाऊन आलेल्या माणसाने भोजराजा आणि कुमार गंधर्व सोडून चाकांवर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. मला जे दिसले ते चाकांपाशीच दिसले.

आधी हा मळ कसला ते पाहू. रस्त्यावरची धूळ पाण्याने जाते. चाकाच्या आऱ्यांवर बसलेला काळा थर जात नाही, कारण ती माती नसतेच. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या डिस्कवर घासते आणि दोन्ही झिजतात. त्यातून लोखंडाचे, काजळीचे, काही पॅडमधून तांब्याचेही बारीक कण उडतात. हे कण तापलेले असतात. चाकावरच्या पारदर्शक लाखेच्या थरात ते रुततात, पावसाळी हवेत गंजतात आणि पांढऱ्याशुभ्र चाकावर नारिंगी ठिपके उमटतात. आपण म्हणतो, चाक गंजले. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही हो! तो गंज ब्रेकच्या लोखंडाचा.

गोव्याहून निघालो तेव्हा चाके काळसर होती. पोचेपर्यंत पार काळी झाली. धार जिल्ह्यातला राऊ-खलघाट मार्गावरचा गणपती घाट हा ब्रेक निकामी होऊन होणाऱ्या ट्रक-अपघातांसाठी कुप्रसिद्ध. २०२४च्या अखेरीस तिथे पर्यायी रस्ता खुला झाला. आपल्या चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या उतारावर जो जळका वास नाकात शिरतो, तोच वास तिथेही ओळखू येतो. त्या वासाबरोबर जे उडते, त्यातले थोडे चाकावर बसते. बाकीचे रस्त्यावर, हवेत आणि माणसांच्या छातीत जाते. युरोपने २०२४ साली केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली. म्हणजे ही पूड आता धुराच्या पंगतीला बसली आहे. आपण मात्र तिला अजून मळच म्हणतो.

देवासच्या वेशीबाहेर हमरस्त्यालगत एका गाडी धुण्याच्या ठिकाणी थांबलो. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पुढे आला. "साहब, दस मिनट में नये जैसे हो जायेंगे." त्याच्या हातात बिननावाची बाटली आणि दात झडलेला ब्रश. पायात चपला, हात उघडे. शेजारच्या गाडीवर त्याचे काम चालूच होते. बाटलीतले पाणी चाकावर पडले, फेस फसफसला, घशात खवखव उठली. ते तेजाब होते. कुठले, ते त्यालाही ठाऊक नव्हते. मालकाला विचारले तर तो हसला. मी चाके तशीच काळी घेऊन निघालो.

तेजाबाने काळा थर निघतो यात शंका नाही. पण ते लोखंडापाशी थांबत नाही. ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप बसलेले संरक्षक पापुद्र्याचे कवच असते. तेजाब तेही खाते. लाख फुगते, खाली पांढरट डाग पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात चाक आधीपेक्षा लवकर खराब होते. हायड्रोफ्लुओरिक जातीचे आम्ल असेल तर गोष्ट आणखी वाईट. ते सौम्य असले तर कातडीवर पडताक्षणी फारसे दुखतही नाही. आत मुरते, शरीरातले कॅल्शियम ओढून घेते आणि काही तासांनी माणूस कळवळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तेजाबाच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र वगैरे सगळे ठरले. ती नोंदवही या बिननावाच्या बाटलीपर्यंत पोचलेली नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: त्या पोराच्या पोटावर पाय देऊ नका. कुणी द्यायला सांगितला? रबरी हातमोज्यांची जोडी किती महाग असते? लाखभर रुपयांची चाके बसवणारा माणूस धुलाईच्या वीस-पन्नास रुपयांवर घासाघीस करतो आणि मग गरिबाचा कैवार घेतो. हा कैवार नव्हे. आपला आळस दुसऱ्याच्या हातांनी धुऊन घेणे आहे.

देवासहून इंदूरमार्गे धारला गेलो. तिथल्या लाट मशिदीच्या आवारात मोडलेला लोहस्तंभ आहे. परंपरा तो भोजराजाशी जोडते. तीन तुकडे मिळून लांबी तेरा मीटरांहून अधिक, दिल्लीच्या सुप्रसिद्ध स्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. शतकानुशतके ऊनपावसात राहूनही त्याची माती झाली नाही. फॉस्फरस अधिक असलेल्या या जुन्या लोखंडावर काळपट कवच धरते आणि तेच त्याला राखते. दिल्लीत लोक स्तंभाला पाठ लावून मिठी मारत, त्या घासण्याने तेवढा पट्टा उजळत गेला. शेवटी १९९७ साली भोवती कुंपण घालावे लागले. प्रत्येक काळेपणा मळ नसतो आणि प्रत्येक चकाकी म्हणजे आरोग्य नसते, हे लोहाराला कळत होते. आम्हाला कळत नाही.

त्याच धार जिल्ह्यात पीथमपूर आहे. मोटारींचे गाव म्हणा ना! जून २०२१मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरांचा वेगचाचणीचा लंबगोल मार्ग तिथलाच. आणि जानेवारी २०२५मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा आला तोही तिथेच. १९८४चा मळ चाळीस वर्षांनी हलला, भोपाळ 'स्वच्छ' झाले आणि पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर कचरा जाळून संपला. उरलेली राख आणि अवशेष, त्यात चुना वगैरे मिसळल्यामुळे, मूळ कचऱ्याहून जड भरले. ते कुठे पुरायचे यावर पुन्हा वाद. भोपाळची शोकांतिका आणि माझी चार चाके यांची बरोबरी मी करत नाही. पण नियम एकच आहे. मळ नाहीसा होत नाही, पत्ता बदलतो.

देवासला तर हे कुणी सांगायची गरज नसावी. १९९०मध्ये या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अनुपम मिश्रांनी तलावांवरच्या आपल्या पुस्तकात ते नोंदवून ठेवले आहे. अशा गावाच्या वेशीवर दाबाच्या पंपाने काळे, आम्लमिश्रित पाणी उघड्या नाल्यात सोडले जाते. कुणाची मान वर होत नाही.

मग चाके धुवायचीच नाहीत काय? अवश्य धुवा. पंधरा दिवसांनी धुतलीत तर तेजाबाची वेळच येत नाही. चाक थंड असावे, सावलीत असावे. आधी नुसते पाणी, मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश. वर्षांचा थर असेल तर लोखंड विरघळवणारी आम्लरहित द्रावणे मिळतात. चाकावर ती जांभळी होऊन ओघळतात, तो रंग लोखंडाशी झालेल्या संयोगाचा. ती सुकण्याआधी धुऊन काढावी, हातमोजे घालून. एका दिवसात सगळे निघणार नाही. वर्षांचे दुर्लक्ष दहा मिनिटांत फिटावे हा हट्टच मुळात लबाडीचा.

आता घरचे पाहा. आमच्या गोव्यात खारी हवा, चार महिने पाऊस, त्यामुळे चाके अधिक लवकर डागाळतात. चतुर्थीच्या तोंडावर धुण्याच्या रांगा लागतात. त्यातले पाणी किती ठिकाणी गाळटाकीतून जाते? किती ठिकाणी सरळ व्हाळात, तिथून नदीत, किंवा झिरपत शेजारच्या बावीत? जल प्रदूषण कायदा १९७४पासून आहे. जाणूनबुजून विषारी द्रव्य ओढ्यात सोडायला त्याने मनाई केली आहे. पण सरकारच्या नावाने बोटे मोडण्याआधी गिऱ्हाइकाने तोंड उघडावे. पुढच्या वेळी गाडी धुवायला द्याल तेव्हा किल्ली देण्याआधी तीनच गोष्टी विचारा. बाटलीत काय आहे? पोराच्या हातात मोजे का नाहीत? हे पाणी जाते कुठे? उत्तर मिळाले नाही तर किल्ली परत खिशात टाका. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवताना चाके थोडी काळी असली, तर देवी रागावणार नाही.