करवंट्यांचा ढीग आणि लाखाचं यंत्र

दापोलीकडच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्यांचा दहाजणींचा बचत गट आहे. नारळ फोडून खोबरं वाळवायचं, घाणीवरून तेल काढून आणायचं आणि विकायचं, असा त्यांचा उद्योग. दिवसाला दोनशे नारळांच्या करवंट्या मागच्या अंगणात पडतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साठतं, डास होतात, शेजारीण कुरकुरते. कोणीतरी सुचवलं की या करवंट्यांच्या कोळशाच्या कांड्या करा, यंत्र मिळतं. किंमत लाखाच्या घरात. "कर्ज काढावं का?" असं त्या विचारतात. आणि खाली बारीक अक्षरात लिहितात, "गटातल्या तिघी बुगड्या गहाण ठेवायला तयार आहेत, त्यांतली एक मी."

बाई, बुगड्या तूर्त कानातच राहू द्या. आधी थोडा हिशेब करू.

साधारण तीस नारळांच्या करवंट्या, म्हणजे चार किलोच्या आसपास, जाळल्या की एक किलो कोळसा हाती येतो. तुमच्या दोनशे नारळांचे झाले साडेसहा किलो. बाजारातलं मोटारीवरचं यंत्र एवढा माल काही मिनिटांत गिळेल आणि उरलेला दिवस झाकून बसेल. विजेचं बिल आणि कर्जाचा हप्ता मात्र झाकून बसत नाहीत. शिवाय तुमच्या तालुक्यात करवंट्या विकत घेणारा कोणी आहे का, तेही आधी पाहा. पाणी गाळण्याच्या यंत्रांत जो कोळसा असतो, तो पुष्कळदा करवंटीचाच असतो, त्यामुळे तिला गिऱ्हाईक असतं. नुसती करवंटी विकून बरे पैसे येत असतील तर या खटाटोपात पडूच नका.

पण पडायचंच असेल, तर माझ्या थोरल्या जाऊबाईंची हकिगत ऐका. त्या गुहागरला असतात आणि त्यांच्याही मागीलदारी असाच ढीग होता. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या. त्या कामाला 2002 साली लंडनचा ॲशडेन पुरस्कारही मिळाला होता. त्याबद्दल जाऊबाईंनी कुठंतरी वाचलं आणि म्हणाल्या, "अगो, पाचटाचं होतं तर करवंटीचं का नाही?"

पहिला प्रयोग त्यांनी चकलीच्या सोऱ्यावर केला! कोळसा कुटला, पाण्यात कालवला, सोऱ्यात भरला आणि दट्ट्या दाबला. खालून काळं पाणी गळालं आणि कोळसा आत दगडासारखा बसला. पितळी सोऱ्या कायमचा कामातून गेला. त्यावरून भावोजी अजून चिडवतात. पण त्या फजितीतून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे नुसतं पाणी उपयोगाचं नाही, खळ हवी. लाकडाच्या भुशाचा ठोकळा जबर दाबाखाली आपोआप धरतो, कारण लाकडातलं लिग्निन उष्णतेनं मऊ होऊन चिकटतं. कोळसा करताना ते जळून जातं, म्हणून बाहेरून चिकटपणा द्यावा लागतो. दुसरं म्हणजे चकतीची बारीक भोकं नकोत, नळी सरळ आणि मोकळी हवी.

मग त्या गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे गेल्या. त्याला कागदावरचं चित्र कळेना, म्हणून जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. जाड लोखंडी पाइपाचा सहा इंची तुकडा, आतला व्यास दोन इंच. त्यात सैलसर जाणारा दट्ट्या. चार फुटांचा दांडा, एक टोक खांबाला बिजागरीनं अडकवलेलं, आणि बिजागरीपासून अर्ध्या फुटावर तो दट्ट्या. दांड्याच्या टोकाला वीस किलोचा भार दिला की दट्ट्यावर एकशेसाठ किलो पडतो. विहिरीवरचा रहाट ओढलेल्या बाईला हे काही जड नाही.

पहिल्या खेपेला त्यानं पाइपाचं बूड वेल्डिंगनं बंद केलं, आणि आतली कांडी काही केल्या निघेना. उलटी केली, ठोकली, शेवटी सळीनं फोडून काढली. दुसऱ्या खेपेला बूड मोकळं ठेवलं. आता पाइप एका पत्र्यावर उभा करायचा, भरायचा, दाबायचा. मग तो उचलून दोन पट्ट्यांच्या घोडीवर ठेवायचा आणि त्याच दांड्यानं पुन्हा दाबायचं. वडी अलगद खाली तबकात पडते. पाइपाला आतून सांध्याची रेघ असेल तर ती कानशीनं घासून घ्या, नाहीतर वडीला तिथंच चीर जाते. ओली असतानाच छत्रीच्या मोडक्या काडीनं मधे भोक पाडलं की वाळतेही लवकर आणि पेटतेही लवकर. सगळं भंगारातलं, मजुरीसकट त्यांना साडेचार हजार पडले. दोघी मिळून दोन तासांत शंभर-सव्वाशे वड्या होतात. तुमच्या रोजच्या मालाला एवढं पुरे.

कोळसा करायची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. दोनशे लिटरच्या जुन्या पत्र्याच्या पिंपाला बुडाशी भोकं पाडा. पूर्वी त्यात रसायन असेल तर ते घेऊच नका. दोन दिवसांच्या वाळलेल्या करवंट्या त्यात मावतात. पेटवल्यावर आधी दाट पांढरा धूर येतो. तो विरळ, निळसर झाला की पिंपाची भोकं आणि झाकण चिखलानं लिंपून टाका आणि दुसऱ्या दिवशी गार झाल्यावरच उघडा. गरम असताना झाकण काढलंत तर कोळसा भडकतो आणि हाती राख येते. हे काम घरापासून लांब करा, पोरांना जवळ फिरकू देऊ नका, आणि कृपा करून नायलॉनची साडी नेसून जाऊ नका.

गार कोळसा तोंडाला फडकं बांधून कुटा, रव्याच्या चाळणीनं चाळा. किलोभर पुडीला ऐंशी ग्रॅम मैदा, लिटरभर पाण्यात शिजवून त्याची खळ. ती हळूहळू घाला, सगळी लागेलच असं नाही. मुठीत दाबल्यावर मूद राहिली पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. मैद्याऐवजी तांदळाची दाट पेजही चालते. वड्यांना तीन-चार दिवस कडक ऊन हवं.

आता जे सांगते ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही.

पहिल्या चांगल्या घाण्याच्या वड्या जाऊबाईंनी बाजूला ठेवल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणासाठी. शेकशेगडीला बिनधुराचा कोळसा मिळाला म्हणून त्या हरखल्या होत्या. वारा लागू नये म्हणून खोलीची खिडकी बंद, दाराला पडदा. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. सगळ्या म्हणाल्या, अशक्तपणा. बाळ नुसतं झोपून, दूध ओढेना. तपासायला आलेल्या नर्सबाईंनी दारातूनच शेगडी पाहिली, खिडकी सताड उघडली, मायलेकरांना बाहेर काढलं आणि तिथूनच दवाखान्यात नेलं. दोघं वाचली. पुढं बारसं थाटात झालं. पण जाऊबाई कितीतरी दिवस म्हणत होत्या, "माझ्याच हातची वडी गो ती."

धूर नाही म्हणजे विष नाही, असं नव्हे. कोंडलेल्या जागी कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तात प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून ही शेगडी अंगणात किंवा मोकळ्या पडवीत पेटवा. बाळंतिणीच्या खोलीत नको, थंडीत रात्री खाटेखालीही नको. शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्या. वड्या विकाल तेव्हा प्रत्येक पिशवीवर "बंद खोलीत जाळू नये" असं ठळक छापा. गिऱ्हाईक बिचकलं तरी चालेल.

तेव्हा दापोलीच्या बाई, आधी गटापुरता एक पिंप आणि एक दांडा करून पाहा, तोही दिवाळीनंतर, ऊन पडू लागल्यावर. पहिल्या शंभर वड्या खपल्या की पुढचं बोलू. आणि वेल्डिंगवाल्याकडे जाताना खडू न्या. बुगड्यांचं काय केलंत ते मात्र जरूर कळवा.