कुंपण लावतात सगळे, राखतो कोण?

वर्गमित्रांनो, आणि आज शाळा बघायला आलेल्या पालकहो,



आपल्या शाळेच्या मागच्या बाजूला विलायती चिंचेचं कुंपण आहे. ते बारा महिने हिरवं असतं, कारण जुनी पानं गळेपर्यंत नवी पानं आलेली असतात. पण मधोमध एक भगदाड आहे, ते तुम्ही पाहिलं असेल. माझं मत असं आहे की, झाडं लावायला आपण सगळे पुढे असतो, पण राखायला कोणीच नसतं. हे बदललं पाहिजे.

आधी खरं सांगतो. ते भगदाड मी पाडलं. मागच्या वर्षी सहावीत असताना चेंडू आणायला मी दोन फांद्या मोडल्या. मग घरी जायला जवळचा रस्ता म्हणून रोज तिथूनच वाकून जाऊ लागलो. माझ्यामागून बाकीची मुलं पण जाऊ लागली. एक दिवस आमच्या गल्लीतल्या एका आज्जीची शेळी त्याच वाटेने आत शिरली आणि परसबागेतली मेथी, पालक सगळं खाऊन गेली. ती भाजी आपल्या पोषण आहारात पडणार होती. सगळेजण आज्जीला बोलले. मी तिथंच उभा होतो, पण गप्प बसलो. कुंपणानेच शेत खाल्लं अशी म्हण आहे. इथे आम्ही पोरांनीच कुंपण खाल्लं!

तेव्हा काहीजण म्हणाले, हे काटे उपटून टाका आणि भिंत बांधा. भिंतीला पाणी लागत नाही, हे मला मान्य आहे. पण भिंतीला पैसे लागतात, आणि भिंतीवर चिमण्या घरटं करत नाहीत. कुंपण छाटलं की शेळ्यांना पाला मिळतो. उन्हाळ्याच्या तोंडाला जिलेबीसारख्या वेटोळ्या शेंगा येतात, त्यातला पांढरा-गुलाबी गर आपण सगळेच खातो. काहींना सापाची भीती वाटते. त्यासाठी झाडं काढायला नकोत, बुडातलं गवत काढून जागा साफ ठेवली की झालं.

हे कुंपण कसं राखायचं ते मला आमच्या आजोबांनी शिकवलं. आमच्या मळ्याला पण हेच कुंपण आहे. हे झाड नावाने विलायती, पण मूळचं मेक्सिकोकडचं आहे.

पावसाळा : मृगाचा पाऊस झाला की फूटभर रुंद चर खणायचा आणि शेणखत टाकायचं. बी दोन ओळींत टोकायचं, पण समोरासमोर नाही, एकाआड एक. म्हणजे मागच्या ओळीतलं झाड पुढची फट झाकतं. बी दोन-तीन दिवसांत उगवतं. रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडायचा. मला वाटलं, आजोबा रोप मारतायत की काय! ते म्हणाले, "आरं, शेंडा ठेवला तर ते नुसतं उंच जातंय, अन् खालून शेळी जातीया." शेंडा खुडला की बुडातून फांद्या फुटतात. छाटताना बुड रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. छाटण्याआधी आत घरटं आहे का ते बघायचं.

हिवाळा : या दिवसांत फुलं येतात, म्हणून जास्त छाटायचं नाही. रस्त्यावर आलेल्या काटेरी फांद्या तेवढ्या काढायच्या, नाहीतर पोरांच्या पायात काटे जातात.

उन्हाळा : शाळेमागची जमीन काळी आहे. तिला भेगा पडतात आणि ओल उडून जाते. वरची माती खुरप्याने हलवून भेगा बुजवायच्या आणि वर पालापाचोळा टाकायचा. पाणी संध्याकाळी द्यायचं. लहान रोपांना तुराट्यांचा कूड करायचा. मोठ्या झाडांना पाणी फारसं लागत नाही, पण पहिले दोन उन्हाळे रोपांना जपावंच लागतं.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? झटपट वाढणारं कोनोकार्पस लावू. तेही सदा हिरवं असतं. पण त्याच्या परागकणांचा लोकांना त्रास होतो आणि मुळं पाण्याच्या नळांत शिरतात अशा तक्रारी आल्या, म्हणून गुजरात सरकारने 2023 मध्ये ते लावायला बंदी केली. आपल्याकडे बांधावर शेर लावतात. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. शाळेत तो नकोच. झटपट वाढतं एवढंच बघून झाड निवडू नये, असं मला वाटतं.

आता खरी अडचण मे महिन्याची. सुट्टी लागली की आपण मामाच्या गावाला जातो, आणि 15 जूनला येऊन बघतो तर रोपं वाळलेली. पाण्याची टंचाई मला माहीत आहे. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून मी जास्त पाणी मागत नाही. भगदाड बुजवायला 40 रोपं लागतील. शाळेजवळ राहणाऱ्या 10 मुलांनी प्रत्येकी 4 रोपं घेतली आणि दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाला एक तांब्या पाणी घातलं, तर एका घराला चारच तांबे पडतात. भाज्या धुतलेलं पाणी पण चालतं. शाळा चालू असताना जेवणानंतर ताटं विसळलेलं पाणी कुंपणालाच जावं. जो गावाला जाईल त्याने आपली पाळी दुसऱ्याला सांगून जावं. पालकांना माझी विनंती आहे की, वर्षातून एकदा छाटणीला कोयता घेऊन या. ते काम आम्हा लहानांचं नाही.

पहिली 4 रोपं माझी. या सुट्टीत मी मामाकडे आठच दिवस जाणार आहे, आणि माझी पाळी माझ्या बहिणीने घेतली आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी त्या आज्जीकडे जाऊन सगळं सांगितलं. आज्जी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला सांगितलंस ते बरं केलंस. पण मला बोलले ते समद्यांसमोर बोलले."

म्हणून मी हे इथे, सगळ्यांसमोर लिहिलं आहे. चूक शेळीची नव्हती आणि आज्जीची पण नव्हती.

– इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, मुरुम