फेरेटसाठी शेल्टरमध्ये काय हवं

मी न्यू जर्सीतल्या एका प्राणी-शेल्टरमध्ये शनिवारी स्वयंसेवक म्हणून जाते. कुत्र्या-मांजरांच्या रांगेत मध्येच कुणीतरी फेरेट आणून सोडतं. आपल्या लोकांना तो मुंगूस वाटतो, पण कुळ आहे पाणमांजराचं. सशाच्या शिकारीसाठी माणसाने त्याला दोनेक हजार वर्षांपासून पाळलंय. शेल्टर गावाच्या करावर चालतं, म्हणून हे मुद्दे टाउनशिपपुढे मांडते.

१. प्राणी दाखल करतानाच्या फॉर्मवर पहिला प्रश्न हवा : हा काय खातो? फेरेट निव्वळ मांसाहारी. लहानपणी जे खाणं ओळखीचं झालं त्यालाच तो तोंड लावतो. दुसरं ठेवलं तर उपाशी राहतो. पोटातलं अन्न तीन-चार तासांत पुढे सरकतं, त्यामुळे ‘एक दिवस नाही खाल्लं तर काय बिघडलं’ हा कुत्र्याचा हिशेब इथे लागू नाही. वय झालेल्या फेरेटांना इन्सुलिनोमा ही स्वादुपिंडाची गाठ सर्रास होते. रक्तातली साखर उतरते, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात. उपास त्यांच्या जिवावर बेततो. म्हणून आणणाऱ्याकडून उरलेली खाण्याची पिशवी आणि त्याची न धुतलेली झोपायची झोळी मागून घ्या. त्या माणसाला टोचून बोलू नका. तो खजील होऊन निघून गेला की ही सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते.

२. त्याला कुत्र्यांच्या वॉर्डात ठेवू नका. कुत्र्यांचा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो जवळपास वाचतच नाही. सत्तावीस अंशांपुढचा उकाडाही त्याला सोसत नाही. आणि ज्याला सर्दी-ताप आहे त्याने त्या खोलीत जाऊ नये : माणसाचा फ्लू फेरेटला होतो. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा पकडला तो फेरेटमध्येच.

३. ‘चावरा’ हा शेरा घाईने मारू नका. मला सर्वांत जास्त हेच लागतं. डोक्यावर पांढरा पट्टा असलेले किंवा पांढऱ्या डोक्याचे अनेक फेरेट जन्मतः बहिरे असतात. दिवसातले चौदा-पंधरा तास ते झोपतात, तेही इतके गाढ की नवा स्वयंसेवक मेला समजून घाबरतो. अशा बहिऱ्याला वरून हात घालून उचललं तर तो दचकून चावणारच. आधी झोळी हलवावी, हात हुंगू द्यावा, मग दोन्ही हातांनी छाती आणि मागची बाजू सावरून उचलावं. पिंजऱ्यावरच्या कार्डावर ‘बहिरा असू शकतो’ एवढे तीन शब्द लिहायला किती वेळ लागतो? ‘चावरा’ लिहिलेल्या प्राण्याला घर मिळत नाही. रेबीजची भीतीही जुनी आहे. फेरेटसाठीची लस अमेरिकेत १९९० पासून आहे.

४. उपचाराच्या खर्चाचा वाटा विक्रीवर बसवा. इथल्या दुकानांतली पिल्लं मोठ्या पैदास केंद्रांतून येतात आणि जेमतेम सहा आठवड्यांची असताना त्यांची नसबंदी झालेली असते. पुढे अधिवृक्क ग्रंथीचा आजार उद्भवतो, शेपटीपासून केस झडत जातात. या आजाराचा इतक्या लवकरच्या नसबंदीशी संबंध अनेक पशुवैद्य जोडतात. हार्मोनचं इम्प्लांट पुन्हा पुन्हा बसवावं लागतं. दुकानाने विकताना हे लेखी सांगावं, आणि प्रत्येक विक्रीमागे थोडं शुल्क शेल्टरच्या निधीत जावं. विकणाऱ्याने नफा घ्यायचा आणि आजारपण गावाने काढायचं, हे मला मान्य नाही.

५. नदीपलीकडून आलेल्याला परत पाठवू नका. न्यूयॉर्क शहरात १९९९ पासून फेरेट पाळायला बंदी आहे. २०१५ मध्ये ती उठवायचा प्रस्ताव आला, तो फेटाळला गेला. तिथला माणूस तिथल्या शेल्टरमध्ये उघडपणे जायला कचरतो. तो इथे आला आणि आपण ‘गावाबाहेरचा पत्ता’ म्हणून दार लावलं, तर एखादा त्याला पार्कात सोडूनही देईल. पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातचं खाल्लेला हा प्राणी उघड्यावर फार दिवस काढत नाही. पत्त्याची अट फेरेटपुरती तरी काढून टाका.